आमरी ओळखू या : बेळगाव, आंबोली आणि गोव्याच्या घाटांतली रानटी ऑर्किड

वळवाचे दोन-तीन पाऊस झाले की आपल्या भागातल्या जुन्या आंब्या-फणसांच्या फांद्यांवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांच्या वेण्या लोंबू लागतात. रस्त्याने जाताना त्या नजरेला पडतात आणि कुणी ना कुणी म्हणतंच, "बांडगूळ आहे, झाड खाऊन टाकेल, काढायला हवं." ते बांडगूळ नसतं. ती आमरी, म्हणजे ऑर्किड. तिच्यापासून झाडाला काही अपाय नसतो. तरीही दर वर्षी बागेची सफाई करताना बांडगुळाबरोबर आमरीही कोयत्याखाली जाते. कारण एकच, ती ओळखता येत नाही.

आम्ही मंडळाचे काही सभासद, बहुतेक नोकरीतून निवृत्त झालेले, गेली काही वर्षं रविवारी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, आंबोली, तिलारी या बाजूला फुलं बघायला जातो. आमच्यात वनस्पतिशास्त्र शिकलेलं कुणी नाही. जे समजलं ते पुस्तकांतून, जाणकारांना विचारून आणि पुन्हा पुन्हा त्याच झाडाखाली उभं राहून. सभासदांच्या कुटुंबांना सहलीत मोबाइलवर उघडून बघता यावी अशी ही माहिती एका जागी मांडली आहे.

आमरी म्हणजे काय

आमरी हे फुलझाडांचं एक फार मोठं कुळ आहे. जगात तिच्या २५ हजारांहून अधिक जाती आहेत, भारतात १,२०० हून अधिक, पश्चिम घाटात तीनशेच्या आसपास आणि महाराष्ट्रात शंभराहून अधिक. बेळगाव, सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि गोवा यांच्या सीमा जिथे मिळतात तो घाटमाथा या कुळासाठी फार अनुकूल आहे. भरपूर पाऊस, पावसाळाभर रेंगाळणारं धुकं, जुनी झाडं आणि मोकळे कातळसडे हे सगळं इथे थोड्या थोड्या अंतरावर सापडतं.

हे कुळ ओळखायच्या खुणा थोड्या आहेत आणि त्या बहुतेक सगळ्या फुलात असतात.

फुलात बाहेर तीन आणि आत तीन अशा सहा पाकळ्या असतात. आतल्या तिनांपैकी एक पाकळी इतरांपेक्षा अगदी वेगळी असते. तिला ओठ म्हणतात. कधी ती रुंद, कधी झालरीची, कधी ठिपक्यांची, तर कधी किड्यासारखी दिसते. कीटकाला उतरायची जागा हीच. बऱ्याच जातींत ओठाच्या मागे एक पोकळ नळी असते, तिला आम्ही मधनळी म्हणतो.

जास्वंदीत पुंकेसर वेगळे दिसतात, तसे इथे दिसत नाहीत. नर आणि मादी भाग मिळून फुलाच्या मध्यावर एकच जाड दांडा झालेला असतो. पराग पिठासारखे सुटे नसून त्यांचे छोटे पिवळे गोळे असतात आणि ते कीटकाच्या डोक्याला किंवा सोंडेला चिकटून दुसऱ्या फुलावर जातात.

पानांच्या शिरा सहसा समांतर असतात, हळदीच्या किंवा गवताच्या पानासारख्या.

फळ म्हणजे एक शेंगवजा बोंड. त्यात हजारो, काही जातींत लाखो बिया असतात, भुकटीइतक्या बारीक. मोहरीच्या किंवा भाताच्या दाण्यात अंकुरासाठी शिदोरी असते, ती या बीला नसते. विशिष्ट बुरशी तिच्यात शिरली आणि तिने अन्न पुरवलं तरच ती रुजते. ही गोष्ट नोएल बर्नार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या लक्षात आली ती १८९९ साली. लाखो बियांतून एखादंच रोप का वाढतं आणि एक गुच्छ ओरबाडला तर तिथे दुसरा लवकर का येत नाही, याचं उत्तर यात आहे. बी रुजल्यापासून पहिलं फूल येईपर्यंत कित्येक वर्षं जातात.

बांडगूळ की आमरी?

हा भाग शेतात किंवा परसात जुनं झाड असलेल्या प्रत्येकाने वाचावा.

बांडगुळाला लाकडी फांद्या असतात. ते झाडाच्या फांदीला जिथे जोडलेलं असतं तिथे गाठ किंवा फुगवटा दिसतो, कारण त्याची मुळं साल फोडून आत शिरलेली असतात आणि झाडाचा रस घेतात. पानं जाड, चामड्यासारखी, पण साध्या झुडपाच्या पानांसारखी. फुलं नळीसारखी, नारिंगी-लालसर. फळ चिकट असतं. फुलटोचा हा छोटा पक्षी ते खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीला लागतं. बांडगुळाच्या पुढचा फांदीचा भाग हळूहळू रोडावतो. ते काढणं योग्यच.

आमरीची मुळं सालीच्या वरून पसरतात, आत जात नाहीत. ती जाड, दोरीसारखी, पांढुरकी-रुपेरी असतात आणि वाढीच्या दिवसांत टोक हिरवं असतं. पाणी पडलं की तेच पांढरं मूळ हिरवट दिसू लागतं. त्याच्यावर स्पंजासारखा थर असतो, तो पावसाचं आणि धुक्याचं पाणी टिपून घेतो. झाड तिला फक्त आधार देतं. अन्न ती स्वतःच्या पानांत तयार करते.

म्हणून कोयता लावण्याआधी फक्त मूळ बघावं. सालीवरून रेंगाळणारी पांढरी मुळं दिसली तर ती आमरी, तिला राहू द्यावं. फांदीला गाठ आणि लाकडी बुंधा दिसला तर ते बांडगूळ. शेतातला गडी सफाईला चढणार असेल तर त्याला एवढं एकदा प्रत्यक्ष दाखवून ठेवावं.

झाडावर वाढणारी आणखी एक वनस्पती म्हणजे बाशिंग हे नेचं. त्याची खालची तपकिरी, वाळकी पानं फांदीला चिकटून टोपलीसारखी दिसतात. त्याला फुलं येत नाहीत. तेही झाडाला त्रास देत नाही.

कुठे शोधावी

आपल्या भागात चार प्रकारच्या जागा पाहाव्यात.

जुनी झाडं : आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ. साल खडबडीत, भेगांची आणि झाड वयाने मोठं हवं. भेगांत कुजकट पाला साठतो, शेवाळ धरतं आणि बी अडकतं. निलगिरीची साल सोलून पडते, तिच्यावर आमरी दिसत नाही. घाटरस्त्याच्या कडेची जुनी झाडं, देवराया आणि देवळामागची झाडं यांवर आधी नजर टाकावी. खोडाच्या बुंध्याकडे न बघता आडव्या जाड फांद्यांच्या वरच्या बाजूला बघावं. लहानशी दुर्बीण असेल तर फार सोय होते.

गवताळ माळ आणि कातळसडे : जमिनीतून उगवणाऱ्या आमऱ्या इथे असतात. उन्हाळ्यात त्यांचा मागमूस नसतो. जमिनीखाली कंद झोपलेला असतो, पहिल्या पावसाने जागा होतो आणि ऑक्टोबर संपेपर्यंत त्याचं वर्ष उरकतं.

ओले कडे आणि दगडी भिंती : घाटात पाणी झिरपणाऱ्या कातळावर, शेवाळाच्या गादीत बोटभर उंचीच्या जाती असतात.

दाट जंगलाची सावली : पाचोळ्यातून एखादंच पान किंवा एखादीच दांडी वर येते. इथे शोधायला सगळ्यात जास्त सवय लागते.

बारा महिन्यांचं पंचांग

फुलांच्या तारखा पावसावर अवलंबून असतात, तरी ढोबळ क्रम चुकत नाही.

मे-जून : झाडावरच्या लोंबत्या वेण्या. जमिनीवर नेर्विलिया आणि युलोफिया, पानांच्या आधी फूल.

जुलै ते सप्टेंबर : जमिनीवरच्या हॅबेनारियांचा मोसम. झाडांवर आणि कातळांवर शेवाळातल्या चिमुकल्या जाती.

ऑक्टोबर ते डिसेंबर : अकँपे, ओबेरोनिया आणि डेंड्रोबियमच्या पहिल्या जाती.

जानेवारी ते एप्रिल : पानं गळालेल्या काड्यांवर डेंड्रोबियम. त्यानंतर व्हँडा आणि कॉटोनिया.

म्हणजे वर्षातल्या एकाही महिन्यात रिकाम्या हाताने परत यावं लागत नाही.

झाडावरच्या नेहमी दिसणाऱ्या जाती

सीतेची वेणी (ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा). मे-जूनमध्ये फुलते. दाट, लांब, दंडगोल वेणी, पांढऱ्या फुलांवर गुलाबी-जांभळे ठिपके. फुलं इतकी खेटून की मधली दांडी दिसत नाही. पट्ट्यासारख्या पानांचं टोक कुणीतरी दातांनी कुरतडल्यासारखं. हेच फूल आसामात कपौ फूल म्हणून बिहूच्या वेळी केसांत माळतात आणि ते त्या राज्याचं राज्यफूल आहे.

एरिडिस मॅक्युलोसा. हिलाही लोक सीतेची वेणी किंवा द्रौपदीची वेणी म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. पण हिची वेणी विरळ असते, मधली दांडी स्पष्ट दिसते. फुलं फिकट गुलाबी, त्यांवर जांभळे ठिपके, ओठ रुंद आणि गडद गुलाबी. सुवास मंद. झाड आखूड, पानं जाड.

एरिडिस क्रिस्पा. वरच्या जातीची मोठी बहीण. खोड लांब, फुलं मोठी, पांढरी-गुलाबी, आणि ओठाची कड झालरीसारखी. झालर दिसली की नाव नक्की.

अकँपे प्रीमोर्सा. आपल्याकडच्या आंब्यांवर सर्रास दिसते. जाड, ताठ पानांचे मोठे जड गुच्छ. शरद ऋतूपासून पुढे फुलते. फुलं लहान, मांसल, पिवळी आणि त्यांवर तपकिरी आडवे पट्टे. ओठ पांढरा. बांडगूळ समजून तोडली जाते ती बहुतेक वेळा हीच, कारण गुच्छ मोठा आणि फुलं नजरेत न भरणारी.

डेंड्रोबियम बार्बाट्युलम आणि डेंड्रोबियम ओव्हॅटम. डेंड्रोबियम या ग्रीक नावाचा अर्थच झाडावर जगणारं. पावसाळ्यात पानं असलेल्या हिरव्या काड्या, हिवाळ्यात पानं गळून नुसत्या काड्या, जणू वाळून गेल्या. मग त्याच काड्यांच्या टोकाला फुलांचे झुबके येतात. फुलं मलईसारखी पिवळसर असतील आणि थंडीच्या सुरुवातीला आली तर ओव्हॅटम. पांढरी किंवा किंचित गुलाबी असतील आणि जानेवारीनंतर आली तर बार्बाट्युलम. वाळक्या काड्या समजून त्या झाडावरून खाली ओढू नयेत.

व्हँडा टेस्टेशिया. लहान पिवळसर फुलं आणि त्यात निळा ओठ. उन्हाळ्यात फुलते. हिची मोठी नातेवाईक व्हँडा टेसेलाटा, तिच्या पाकळ्यांवर तपकिरी चौकडीची नक्षी असते. काही भागांत रास्ना या औषधी नावाने तीच विकली जाते.

कॉटोनिया. उन्हाळ्यात फुलते. लांब बारीक दांडी आणि तिच्या टोकाला एकामागून एक उमलणारी फुलं. ओठ गडद तपकिरी, मखमली, पिवळ्या कडेचा. लांबून मधमाशी बसल्यासारखी वाटते. मुलांना दाखवायला याहून चांगलं फूल नाही.

बल्बोफिलम फिंब्रिएटम. फांदीवर हिरव्या, गोल, फुगीर गाठींची माळ. कोरड्या दिवसांत गाठींना पानं नसतात, तेव्हा एका दांडीच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी फुलं गोल पसरतात.

ओबेरोनिया. चपटी, पंख्यासारखी मांडलेली पानं आणि उंदराच्या शेपटीसारखी फुलांची दांडी. एकेक फूल मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं. भिंग लागतंच.

स्मिथसोनिया. फक्त पश्चिम घाटात सापडणारी प्रजाती. फादर सेसिल सालढाणा यांनी १९७४ साली ती वेगळी ठरवली. झाड बोटभर, फुलं मे-जूनच्या सुमारास. बारीक फांद्यांवर नजर ठेवली तरच सापडते.

जमिनीवरच्या जाती

जमिनीवर पावसाळ्यात सगळ्यात जास्त जाती दिसतात त्या हॅबेनारियाच्या. फुलं बहुतेक पांढरी किंवा हिरवट, ओठ तीन भागांत चिरलेला, आणि मागे मधनळी. जाती ओळखताना पानं जमिनीला टेकलेली आहेत का, दांडीवर फुलं किती आणि मधनळी किती लांब, या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात.

हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. पावसाळ्यातली पहिली. जमिनीला चिकटलेलं एकच गोलसर पान, क्वचित दोन. त्यातून आखूड दांडी आणि एक ते तीन मोठी पांढरी फुलं. जून-जुलैमध्ये गवताळ माळावर.

हॅबेनारिया रॅरिफ्लोरा. ओल्या कातळाच्या भेगांत. झाड लहान, फुलं एक-दोनच, पण झाडाच्या मानाने मोठी.

हॅबेनारिया हेनियाना. सगळी फुलं दांडीच्या एकाच बाजूला ओळीने, अगदी दात घासायच्या ब्रशसारखी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यांवर.

हॅबेनारिया मार्जिनाटा. पिवळी फुलं, आणि जमिनीलगतच्या पानांना फिकट पिवळी कड. फूल नसतानाही कडेवरून ओळखू येते.

हॅबेनारिया लाँजिकॉर्निक्युलाटा. उंच दांडी, पांढरी फुलं आणि दहा सेंटीमीटरच्या वर जाणारी मधनळी.

हॅबेनारिया क्रिनिफेरा. जंगलाच्या सावलीत. ओठ असा कापलेला की पांढऱ्या झग्यातली बाहुली वाटते.

पेक्टेलिस जायगँटिया. आपल्याकडची जमिनीवरची सगळ्यात भव्य आमरी. माणसाच्या कमरेपर्यंत उंच, मोठी शुभ्र सुवासिक फुलं, ओठाच्या दोन्ही बाजू झालरीच्या. मोठी आणि सुगंधी म्हणून ती खुडली जाते, आणि दिसणं कमी होतं.

या पांढऱ्या फुलांचा आणि लांब मधनळ्यांचा संबंध रात्रीशी आहे. लांब सोंडेचे पतंग अंधारात वासाच्या मागावर येतात आणि नळीच्या तळाचा मध पितात. मादागास्करमधल्या एका आमरीची जवळजवळ फूटभर नळी बघून चार्ल्स डार्विनने १८६२ साली सांगितलं होतं की इतक्या लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे. तो पतंग पुढे सापडला आणि १९०३ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, डार्विनच्या निधनानंतर एकवीस वर्षांनी. सड्यावर संध्याकाळी थोडं थांबलं की हॅबेनारियाचा वास वाढलेला जाणवतो.

हॅबेनारियाखेरीज तीन नावं लक्षात ठेवावीत. नेर्विलियाला आधी फूल येतं, ते थोडेच दिवस टिकतं, मग ते जाऊन एकच पान येतं. फूल आणि पान एकत्र कधी दिसत नाहीत, म्हणून अनेकांना ती एकच वनस्पती आहे हे माहीत नसतं. जिओडोरमची फुलांची दांडी आकड्यासारखी खाली वाकलेली असते आणि फळ धरल्यावर सरळ उभी होते. युलोफियाची दांडी मे-जूनमध्ये पानांच्या आधी येते, मागून येणारी पानं हळदीसारखी घडीदार. तिचे कंद अमरकंद म्हणून औषधासाठी खणले जातात. कंद खणला की ते झाड संपलं.

आमरीसारखी दिसणारी इतर फुलं

तेरडा : त्यालाही मागे नळी असते. पण खोड रसदार, पानांच्या शिरा जाळीदार, आणि पिकलेली शेंग हात लावताच फुटते.

सीतेची आसवं : सड्यावरची निळी-जांभळी, नाजूक फुलं. त्यांनाही नळी असते. पण ही कीटकभक्षी वनस्पती ओल्या मातीत असते आणि फुलात मधला जाड दांडा नसतो.

रानहळद : फूल नसताना युलोफियासारखी दिसते. पान चुरगाळलं की हळदीचा वास येतो.

नाव ठरवण्याची रीत

आमच्यातल्या बँकवाल्यांना सही जुळवायची सवय आहे. सही एका वळणावरून पास करत नसत. सुरुवात, अक्षरांचा कल, शेवटची रेघ सगळं कार्डाशी ताडून बघायचं. आमरीचंही तसंच. फक्त रंगावरून नाव देऊ नये, कारण एकाच जातीत रंग फिका-गडद होतो. जागा, महिना, पान, दांडी, ओठ, मधनळी या सहा गोष्टी जुळल्या तर नाव पक्कं. चारच जुळल्या तर नोंदीत फक्त प्रजातीचं नाव लिहावं आणि पुढे जागा कोरी ठेवावी. कोरी जागा पुढच्या वर्षी भरता येते. चुकीचं नाव मात्र चार जणांकडे पोचतं.

फोटो पाच काढावेत : पूर्ण झाड आसपासच्या जागेसह, पान जवळून, फूल समोरून, फूल बाजूने म्हणजे मधनळी दिसेल, आणि झाडावर असेल तर त्या झाडाची साल व पान. शेजारी एक रुपयाचं नाणं धरलं तर आकार कळतो. फूल तोडून तळहातावर ठेवून फोटो काढायची काही गरज नसते.

आपल्या भागाचं जुनं लिखाणही आहे. डाल्झेल आणि गिब्सन यांचं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक १८६१ सालचं. थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते, त्यांचा याच विषयावरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे आपल्या ओळखीची गावं त्यात भेटतात. फादर सांतापाव आणि कापडिया यांचं फक्त ऑर्किडवरचं पुस्तक १९६६ मध्ये आलं. मोबाइलवर आयनॅचरॅलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल इथे फोटो टाकले तर जाणकार नाव सुचवतात.

बघावं, आणि तिथेच राहू द्यावं

घाटातून उपटून आणलेली आमरी शहरातल्या गॅलरीत क्वचितच तग धरते. तिथलं धुकं, ती साल आणि मुळांतली बुरशी पिशवीतून आणता येत नाही. वर्ष-दोन वर्षं पानं हिरवी राहतात म्हणून जगली असं वाटतं, पण ती साठवणीवर काढलेले दिवस असतात. घाटरस्त्यांवर किंवा बाजारात कुणी जंगलातले गुच्छ विकत असेल तर घेऊ नयेत. एक गुच्छ विकला गेला की दुसऱ्या दिवशी दोन येतात. घरी लावायची हौस असेल तर रोपवाटिकेतली संकरित डेंड्रोबियम किंवा फॅलेनॉप्सिस घ्यावी. नडसन यांनी १९२२ साली बुरशीशिवाय, साखर घातलेल्या माध्यमावर बी रुजवायची रीत काढली. तेव्हापासून बाजारातली ऑर्किड प्रयोगशाळेत वाढतात आणि त्यांच्यासाठी रानाला हात लावावा लागत नाही.

कायद्याची बाजूही लक्षात असावी. खानापूर तालुक्यातलं भीमगड, गोव्यातलं म्हादई, मोले ही संरक्षित क्षेत्रं आहेत. तिथून परवानगीशिवाय कोणतीही वनस्पती काढणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. राखीव जंगलालाही वन कायदे लागू होतात. शिवाय संपूर्ण ऑर्किड कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने परदेशी असलेल्या नातेवाइकांसाठी रानटी रोप सामानात घालून पाठवणं हेही बेकायदा ठरतं.

दुर्मिळ जात दिसली तर तिचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नये. फोटोत मोबाइल स्थान नोंदवतो, ती सोय आधी बंद करावी. "आंबोली परिसर" एवढं पुरे. सड्यावर चालताना पायवाट सोडू नये. फुलापर्यंत पोचताना पायाखाली दहा कोवळी रोपं जातात.

वादळात फांदी मोडून आमरी खाली पडली आणि झाड आपल्या मालकीचं असेल, तर तो गुच्छ त्याच किंवा जवळच्या तशाच झाडावर, तितक्याच सावलीत, काथ्याने बांधावा. मुळं सालीला टेकलेली हवीत. माती घालू नये. एका पावसाळ्यात मुळं धरतात. जंगलात पडलेल्या फांदीला मात्र हात लावू नये. रस्तारुंदीसाठी झाडं तोडली जात असतील तर वनखात्याच्या स्थानिक कार्यालयाला कळवून त्यांच्या परवानगीनेच गुच्छ हलवावेत.

जाताना

पावसाळ्यात जळवा असतात, मीठ किंवा तंबाखूचं पाणी जवळ ठेवावं. फांदीला हात घालण्याआधी नीट बघावं, आंबोली-तिलारी भागात हिरवा चापडा साप पानांत दिसत नाही. जानेवारीपासून पावसापर्यंत जंगलात जाताना अंगभर कपडे घालावेत, पाचोळ्यात बसू नये आणि परतल्यावर गोचीड तपासावी. दोडामार्ग आणि सत्तरी भागात माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. जंगलातून आल्यावर ताप आला तर कुठे गेलो होतो ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. ज्येष्ठांनी एकट्याने जाऊ नये.

सभासदांना एक विनंती. लांब जाणं जमत नसेल तर आपल्या गावच्या घराजवळचा, शेतातला किंवा देवळामागचा एक जुना आंबा निवडा आणि वर्षभर महिन्यातून एकदा त्याच्या फांद्या बघा. काय दिसलं ते तारीख, गाव आणि झाडाचं नाव घालून लिहून ठेवा व मंडळाच्या कार्यालयात द्या. अशा वह्या जमल्या तर आपल्या भागात कोणत्या झाडावर काय टिकून आहे याचा हिशेब पहिल्यांदा आपल्याच हातात येईल. आणि या वर्षी आंब्याची सफाई करायला माणूस बोलावलात की तो शिडी लावण्याआधी त्याला सांगा : पांढरी मुळं दिसली तर ती फांदी सोड.